दोन तारा, एकच खांब

नमस्कार ताई,
मी चिंचवडला राहतो, वय ५४. दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली, तेव्हापासून घरूनच ट्रेडिंग करतो. रोज थोडं इंट्राडे (त्याच दिवशी घेणं-विकणं) आणि मंगळवार-गुरुवार एक्सपायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी, ऑप्शन. नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं आहे, १०० एमबीपीएस. गेल्या महिन्यात गुरुवारी सेन्सेक्सचे १५ लॉट, म्हणजे ३०० नग, कॉल (निर्देशांक चढेल यावर लावलेले ऑप्शन) दीडशे रुपयांनी घेतले होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नेट गेलं. लाइट गेली होती, पण इन्व्हर्टर असल्यामुळे राउटर चालू होता. नेट आलं पंचवीस मिनिटांनी, तोवर कॉल २३ वर. म्हणजे ३८ हजारांचा खड्डा. लगेच दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, म्हटलं एक गेली तर दुसरी आहे. तर परवा रस्त्यावर ड्रेनेजचं खोदकाम निघालं आणि दोन्ही एकदम बंद! आता एक एजंट म्हणतो ३०० एमबीपीएस घ्या, दुसरा म्हणतो ट्रेडिंगला लीज लाइनच, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखलेली भाड्याची लाइन, लागते, आणि मुलगा म्हणतो मोबाइल टॉवरवरून नेट घेणारा फाइव्ह-जीचा डबा लावू. नक्की काय घेऊ? हिचं म्हणणं वेगळंच आहे, ते इथे लिहीत नाही.
– एक वाचक, चिंचवड

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. लाइट गेली होती, पण राउटर चालू होता. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याकडे येते. आधी ३०० एमबीपीएसचं उरकून टाकू, कारण त्यात फारसा जीव नाही.

ट्रेडिंगला नेट किती लागतं याचा हिशेब करता येतो. झेरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट सेवेच्या माहितीपत्रकात एका शेअरच्या भावाचं पूर्ण पाकीट, म्हणजे पाच बोली-पाच मागण्यांच्या डेप्थसकट, १८४ बाइटचं असल्याचं दिलंय. धरा तुमच्या वॉचलिस्टमध्ये पन्नास नावं आहेत आणि प्रत्येकाचा भाव सेकंदाला दोनदा येतोय. तरी सेकंदाला साडेअठरा हजार बाइटच्या आत काम होतं. एमबीपीएसच्या भाषेत ०.१५. चार्ट, फंडाचं पान, ऑप्शन चेन, सगळं धरून दोन-चार एमबीपीएस म्हणजे डोक्यावरून पाणी. बाजूच्या टीव्हीवर जो बिझनेस चॅनल तुम्ही नेटवरून लावता, तो एकटा तुमच्या भावांच्या तीसपट नेट खातो. (आणि त्याचा उपयोगही साधारण त्याच प्रमाणात उलटा असतो, पण ते असो.) १०० चे ३०० केले तर सिनेमा लवकर उतरेल, ऑर्डर लवकर जाणार नाही. नळाचा पाइप तीन इंची केला म्हणून टाकीत पाणी चोवीस तास राहत नाही, तसंच हे.

आता ते वाक्य. घरात राउटरला वीज होती, तरी नेट गेलं. म्हणजे वीज नव्हती ती दुसरीकडे कुठेतरी. हा गुन्हेगार कुठे बसलाय ते बघायला जिन्याखाली जा. मीटरच्या खोलीशेजारी किंवा गच्चीच्या दाराशी एक पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा डबा असेल, आत एक स्विच, त्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतील आणि त्यातून प्रत्येक घरी निळी किंवा करडी लॅन केबल गेली असेल. तुमच्या घरी भिंतीतून येणारी तार अशी जाड लॅन केबल असेल आणि ती थेट राउटरमध्ये जात असेल, तर समजा की तुमचं नेट त्या डब्याच्या कृपेवर चालतं. त्या डब्याला वीज लागते. ती बहुधा सोसायटीच्या कॉमन मीटरवरून किंवा कुणाच्या तरी घरून घेतलेली असते. लाइट गेली की डबा झोपतो. तुम्ही वर इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवून बसलात तरी त्याचा उपयोग नाही, कारण बोलायला पलीकडे कुणी नाही.

खरी फायबर घरापर्यंत आलेली असेल तर चित्र वेगळं. तिथे शेवयांइतकी बारीक तार येते, ती एका छोट्या पांढऱ्या डब्यात जाते आणि त्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा स्थिर हवा, लॉस लाल पेटला की तार कुठेतरी तुटली. या पद्धतीत कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारं काहीच नसतं. मधे जे स्प्लिटर असतात ते प्रकाश वाटून देणारे काचेचे तुकडे, त्यांना प्लग नाही. केंद्रात बॅटरी आणि जनरेटर, तुमच्याकडे इन्व्हर्टर, मधली गल्ली अंधारात असली तरी चालतं.

मी एकतीस वर्षं टेलिफोनच्या कामात काढली, तेव्हा ही गोष्ट मला नवी नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, लाइट गेली तरी काळा फोन वाजायचा. कारण त्याची वीज घरातून नव्हती, एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका रांगेत मांडलेले असायचे, ४८ व्होल्ट. काचेच्या मोठ्या बरण्यांसारखे सेल, ॲसिडचा उग्र वास, आणि दर सकाळी हायड्रोमीटर बुडवून घनता वहीत टिपणारा एक माणूस. पावसाळ्यात सगळं गाव अंधारात असताना तो माणूस आणि त्या बरण्या गावाचा फोन चालू ठेवत. आज गल्लीतल्या डब्याला बारा व्होल्टची एक बॅटरी लावायलाही कुणाला सवड नाही. पण ती मागता येते. केबलवाल्याला स्पष्ट विचारा, जिन्याखालच्या स्विचला यूपीएस आहे का? नसेल तर सोसायटीतली आठ-दहा घरं मिळून लावून घ्या. माणशी खर्च एका वडापाव-चहाच्या महिन्यापेक्षा कमी येईल.

आणि गुरुवार. तुम्ही चिंचवडला राहता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून महावितरणची देखभालीची कामंही तुमच्याकडे बहुतेक गुरुवारी निघतात. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी आली. म्हणजे तुमचा सगळ्यात जोखमीचा दिवस आणि लाइट जाण्याचा दिवस एकच झाला. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर नियोजित बंदचा मेसेज आधी येतो. तो मेसेज आला असेल त्या गुरुवारी दुपारी मोठी पोझिशन घेऊ नका, एवढं तरी करता येईल.

आता दोन लाइनींचं. तुम्हाला वाटलं दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा. कंपन्या दोन, पण खांब एक. दोघांच्याही तारा त्याच रस्त्याच्या कडेने, त्याच विजेच्या खांबावरून लोंबत किंवा त्याच चरातून येतात. जेसीबीचा दात कंपनीचं नाव वाचून खाली येत नाही. माझ्याही घरी लॉकडाउनच्या काळात मुलीच्या ऑफिसच्या कामासाठी दोन कनेक्शनं होती, मोठ्या ऐटीत. सोसायटीचं रंगकाम निघालं, परांचीवरचा माणूस डक्टमध्ये उतरला आणि एका पान्यासरशी त्याने दोन्ही तारा उतरवल्या. मी एवढी वर्षं लोकांना हेच सांगत आले आणि माझ्याच डक्टमध्ये दोन तारा एका क्लिपला बांधलेल्या होत्या.

तेव्हा एकदा खाली उतरा आणि दोन्ही तारांचा मागोवा घ्या, अगदी चालत. इमारतीत कुठून शिरतात, रस्ता कुठे ओलांडतात, कोपऱ्यावर जमिनीखाली जातात की झाडाच्या फांदीला टेकलेल्या आहेत, बघा. पंधरा मिनिटांत कळतं. गणपतीत कमानी उभ्या राहतात, उंच मूर्ती येतात, आडव्या आलेल्या केबली बांबूने उचलतात नाहीतर सरळ कापतात. त्या दहा दिवसांत बाजार मात्र बहुतेक दिवस चालू असतो. खांबावरून लोंबणारी तार असेल तर हे दरवर्षीचं धरून चाला. आणखी एक, लहान केबलवाले स्वतः नेट तयार करत नाहीत, वरून कुणाकडून तरी घेतात. दोन वेगळे केबलवाले एकाच मोठ्या कंपनीकडून घेत असतील तर वरची लाइन गेली की दोघंही गेले. हे लाइनमनला विचारलं तर तो सांगतो. मालक सांगेलच असं नाही, लाइनमन सांगतो.

लाइनमन आलाच आहे तर त्याला पॉवर मीटर लावून घरातला प्रकाश मोजायला सांगा, फायबर असेल तर. आकडा उणे डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) येतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर छान. उणे २७ च्या आसपास असेल तर लाइन मरणपंथाला आहे. आज चालेल, उद्या थोडा पाऊस झाला की दिवसातून चारदा तुटेल आणि तुम्हाला वाटेल ब्रोकरचं ॲप हँग होतंय. बहुतेक वेळा कुठेतरी जोड खराब असतो किंवा टीव्हीमागे तार काटकोनात वाकवलेली असते. काचेला काटकोन मानवत नाही. तिला बांगडीसारखं सैल गुंडाळायचं.

दोन्ही तारा एकाच वाटेने येतात, म्हणून मुदत संपली की दुसरी तार काढून टाका. तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. एक वाट जमिनीवरून असेल तर दुसरी हवेतून हवी. जिओ आणि एअरटेल या दोघांच्याही घरगुती फाइव्ह-जी सेवा २०२३ मध्ये सुरू झाल्या आणि पिंपरी-चिंचवडला दोन्ही मिळतात. अट एकच. ज्या कंपनीची फायबर असेल, तिचाच डबा घ्यायचा नाही, कारण कंपनीच्या मुख्य जाळ्यातच बिघाड झाला तर तार आणि टॉवर दोन्ही एकदम जातात. सध्या तुमची मुख्य लाइन केबलवाल्याची आहे, तेव्हा तो नेट कुणाकडून घेतो ते विचारून मगच हवेतल्या कंपनीचं नाव ठरवा. बसवायला आलेला माणूस डबा सोयीच्या भिंतीवर ठोकून निघून जातो. त्याला आधी टॉवरच्या बाजूच्या खिडकीत धरून सिग्नल बघायला लावा. आणि पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये टाकून आठवडाभर सव्वानऊला आणि तीनच्या पुढे तपासा.

हवेतल्या नेटची एक खोड सांगून ठेवते. गल्लीतली लाइट गेली की सगळ्यांचे वायफाय बंद पडतात आणि सगळं गाव एकदम मोबाइल डेटावर येतं. टॉवर तोच, माणसं पाचपट. त्या पहिल्या दहा मिनिटांत तुमचा डबाही लंगडतो. म्हणून मुख्य लाइन तारेचीच ठेवायची आणि विजेची सोय करायची, हवेतली फक्त अडीअडचणीला. डबा घ्यायचा नसेल तर रोजचा मोबाइलही पुरतो, पण वायफाय हॉटस्पॉट नको. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लाइन स्थिर राहते आणि फोन चार्जही होतो. बाजार उघडण्यापूर्वी एकदा जोडून बघायचं. संकटात पहिल्यांदा ते बटण शोधणारा माणूस मी पाहिलाय. सापडत नाही.

लीज लाइन म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा. ती बँकांच्या शाखांना, कारखान्यांना लागते, महिन्याचं भाडं काही हजारांत जातं, आणि तीही शेवटी त्याच रस्त्याखालून येते. ‘लॅग कमी होईल’ असं तो म्हणेल. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चिंचवडहून मुंबईला दोनशे किलोमीटर तार धरली तरी जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद. मधल्या राउटरांची टोलनाकी धरून साध्या घरगुती फायबरवर पाच ते वीस मिलिसेकंद येतात. माणसाचं बोट माउसवर दाबायलाच दोनशे मिलिसेकंदांच्या वर घेतं. आणि ज्यांना खरंच मिलिसेकंदांची मारामारी करायची असते, त्यांनी २०१० पासून आपले सर्व्हरच एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, आवारात, वांद्रे-कुर्ला संकुलात, एक्स्चेंजच्या यंत्रांशेजारी भाड्याने ठेवलेत. त्या शर्यतीत चिंचवडच्या बेडरूममधून कुणी जिंकत नाही, लीज लाइन घेऊनही नाही. तुम्हाला वेग नकोय, तुटू नये एवढंच हवंय.

आता घरातलं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैजेवर सांगते, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे आणि तुम्ही बसता आतल्या खोलीत. दोन भिंती, एक लोखंडी कपाट, मधे मायक्रोवेव्ह. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि मायक्रोवेव्ह शेजारी-शेजारी राहतात. दुपारी कुणी भात गरम केला की तुमचा चार्ट अडखळतो. औषध अगदी साधं आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा-पंधरा मीटर कॅट-सिक्स केबल आणा आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत भिंतीच्या कडेने ओढून घ्या. पाचशेच्या आसपास काम होईल. या एका तारेने जेवढ्या लोकांचं ‘नेट’ सुधारलेलं मी पाहिलंय, तेवढं नवी कनेक्शनं घेऊन नाही.

दोष वायफायचा की बाहेरच्या लाइनचा, हे ओळखायलाही कुणाला बोलवावं लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा. ‘पिंग’ लिहा, जागा सोडा, ‘डॅश टी’ लिहा, मग राउटरचा पत्ता, तो राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. दुसरी तशीच खिडकी उघडून तिथे पत्त्याच्या जागी गूगलचा, चारदा आठ, मधे टिंब. दोन्ही खिडक्या नऊ ते दहा चालू ठेवा. राउटरच्या खिडकीत आकडे, म्हणजे जाऊन-यायला लागलेले मिलिसेकंद, एक-दोन-पाच असे हवेत. तिथेच ते शंभर-दोनशेवर उडत असतील तर दोष घरातला. राउटर स्थिर आणि गूगलच्या खिडकीत मधूनच ‘टाइम्ड आउट’ येत असेल तर दोष बाहेरचा, केबलवाल्याला खिडकीचा फोटो पाठवा. हजारात एखादा पिंग गळला तर सोडून द्या. हजारात दहा गळत असतील तर ऑर्डर टाकताना अडकणारच. हे सलग आठवडाभर करा, आणि एक दिवस मुद्दाम पावसाचा निवडा.

एक गंमत याच खिडकीत दिसेल. मुलाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढायला लागले, की गूगलचा आकडा बारावरून साडेतीनशेवर जातो. लाइन शंभर एमबीपीएसची, तरी. कारण चढतीची (अपलोडची) रांग भरली की तुमची चिमुकली ऑर्डर त्या फोटोंच्या मागे उभी राहते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ असेल तर लॅपटॉपला पहिला नंबर द्या. नसेल तर सव्वानऊ ते साडेतीन फोटोंचं बॅकअप बंद, असं घरात सांगून ठेवा. दिवसा गल्लीतलं नेट तसं मोकळंच असतं, गर्दी रात्री आठनंतर होते. एमसीएक्सवर रात्री कमोडिटी करणाऱ्यांनी आपली तपासणी रात्रीच करावी.

राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टचा, हजार-दीड हजारापासून. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तरी घ्या. इन्व्हर्टर लाइट गेल्यावर पापणी लवेपर्यंत थांबून चालू होतो, तेवढ्यात काही राउटर बंद पडून पुन्हा उठतात, आणि उठायला दोन मिनिटं घेतात.

तुम्ही एपीआय (प्रोग्रामला ब्रोकरशी जोडणारी सोय) लावून प्रोग्रामने ऑर्डर टाकत असाल तर एक गोष्ट वेगळी पाहावी लागेल. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर अशा ऑर्डरींसाठी ब्रोकरकडे स्थिर आयपी पत्ता नोंदवावा लागतो. घरगुती कनेक्शनांवर, विशेषतः फाइव्ह-जीच्या डब्यावर, तो आपसूक मिळत नाही, कंपनीकडे मागून वेगळे पैसे भरावे लागतात. पत्रावरून तुम्ही हातानेच करता असं वाटतं, तेव्हा हे सोडून द्या.

एवढं सगळं करूनही लाइन एक दिवस जाणार. २४ फेब्रुवारी २०२१ ला खुद्द एनएसईचं कामकाज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलं होतं, कारण दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमध्ये एकाच वेळी बिघाड झाला. दुपारी पावणेचारला बाजार पुन्हा उघडून पाचपर्यंत चालवावा लागला. एनएसईचं हे झालं, तर तुमच्या-माझ्या केबलवाल्याची काय कथा. म्हणून नेट गेल्यावर तुमचा सौदा कुणाच्या हातात आहे, ते आधीच ठरवून ठेवायचं.

तुमच्या त्या गुरुवारबद्दल आता थोडं कडक बोलते. दीडशेला घेतलेल्या कॉलला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा इतका झाला की निघायचं अशी मर्यादा, होता का? पत्रात कुठेच उल्लेख नाही. तो डोक्यात असेल, ‘एकशेवीसला निघू’ असा. डोक्यातल्या स्टॉपलॉसला नेट लागतं. एक्स्चेंजमध्ये टाकलेल्या एसएल (स्टॉपलॉस) ऑर्डरला लागत नाही, ती तुमच्या घरात नसतेच. तुम्ही अंधारात बसलेले असा, तिचं काम ती करते. ऑप्शनमध्ये एसएल लिमिट टाका, ट्रिगर (भाव इथे आला की ऑर्डर जागी होते) एकशेवीस असेल तर लिमिट (याखाली विकायचं नाही) पाच-सात रुपये खाली; अगदी चिकटून ठेवली तर एक्सपायरीच्या दुपारी भाव तिच्यावरून उडी मारून जातो. ३०० नग, तीसेक रुपयांचा तोटा, म्हणजे नऊ-दहा हजार. उरलेले अठ्ठावीस हजार नेटने नाही घेतले. नेटवर रागावणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही.

फोनवर ब्रोकरचं ॲप रोज सकाळीच उघडून, पिन-ओटीपी देऊन ठेवा, आणि ते मोबाइल डेटावर चालतंय हे पाहा. दोन वाजून दहाला ओटीपीची वाट बघायची वेळ येऊ देऊ नका. कॉल-ॲण्ड-ट्रेडचा नंबर आणि तुमचा क्लायंट आयडी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, फोनमध्ये नाही, कागदावर. फोनवरून ऑर्डर दिली तर बहुतेक ब्रोकर थोडे पैसे लावतात, ते खुशाल द्यावेत. ब्रोकरचीच यंत्रणा कोसळली तर ऑक्टोबर २०२३ पासून एक्स्चेंजांनी मिळून ‘इर्रा’ नावाची सोय केलीय. त्यात उघडे सौदे बंद करता येतात आणि पडून असलेल्या ऑर्डरी रद्द करता येतात, नवे सौदे नाही. पण ती ब्रोकर पडला तर आहे, तुमची गल्ली पडली तर नाही.

वहिनींचं म्हणणं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला साधारण अंदाज आहे. माझ्याकडे त्यावर सल्ला नाही, आकडा आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यांच्यापैकी सगळ्यांचंच काही नेट गेलेलं नव्हतं. हे वहिनींना वाचून दाखवा किंवा दाखवू नका, तुमचा प्रश्न. पण नव्या कनेक्शनचे पैसे भरण्याआधी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरकडून येणारी सौद्यांची बिलं) काढून, कोणते तोटे लाइन तुटल्यामुळे झाले त्यांच्यापुढे खूण करा. माझा अंदाज, एका हाताची बोटं पुरतील.

तर या महिन्यात एवढंच करा. लॅन केबल आणि राउटरचा यूपीएस याच आठवड्यात. पिंगच्या खिडक्या सोमवारपासून. दुसरी लाइन मुदत संपेपर्यंत वापरून बंद. फाइव्ह-जीचा डबा सिम तपासून मगच. आणि जिन्याखालचा तो डबा उघडा, आत काय दिसतं त्याचा एक फोटो काढून मला पाठवा. स्विचला बॅटरी आहे की नुसताच लोंबणारा प्लग, ते फोटोवरून मी सांगेन.